‘संपवतो’ असा मेसेज आला, तर ॲडमिनने काय करावं?

प्रश्न : आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचा, मन मोकळं करायला म्हणून काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप आहे. साठेक जण, आम्ही तिघं ॲडमिन. परवा रात्री साडेअकराला एकाने लिहिलं, ‘आता नाही होत, संपवतो.’ दहा-बारा जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले. एकाने तर फवारणीच्या औषधाचं नाव घेऊन टोमणा मारला. आम्ही घाबरून दोघांनाही काढून टाकलं. तो भाऊ सुखरूप आहे. आमचं चुकलं का?
– एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : टोमणेवाल्याला काढलंत ते योग्यच. पण ज्याने दुःख सांगितलं त्याला काढायला नको होतं. ‘बोलला म्हणून हाकलला’ हे साठही जणांनी पाहिलं; आता पुढचा कोणी तोंड उघडणार नाही. आजच त्याला फोन करा, माफी मागा, परत घ्या.

इमोजी टाकणारे निर्दयी नव्हते. दुसरा कोणी फोन करेलच, असं प्रत्येकाला वाटलं. म्हणून ग्रुपवर लक्ष ठेवायची पाळी नावानिशी लावा. रात्रभर जागणं जमणार नसेल तर ग्रुपच्या माहितीत तसं स्पष्ट लिहा आणि खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

असा मेसेज दिसला की पाळीवाल्याने थेट फोन लावायचा. ‘जीव द्यायचा विचार येतो का? आत्ता कुठं आहेस? औषध हाताशी आहे का?’ असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर फोन ठेवायचा नाही. दुसऱ्या ॲडमिनने तेवढ्यात घरच्यांना किंवा शेजाऱ्याला उठवायचं आणि औषधाचा डबा घराबाहेर न्यायला लावायचं. त्यासाठी ग्रुपात घेतानाच प्रत्येकाचं गाव आणि विश्वासाच्या एका माणसाचा नंबर घेऊन ठेवा, फक्त तिघांपाशी.

विष घेतलंच असेल तर १०८. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, औषध फुफ्फुसात जाऊ शकतं. डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. आत काय होतं त्यावर उपचार ठरतो. केस होईल म्हणून कोणी घरीच थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतं, त्याला शिक्षा करत नाही.

औषधाचं नाव, प्रमाण, पद्धत सांगणारा मेसेज लगेच पुसा. पुसणाऱ्या ॲडमिनचं नाव तिथं दिसतं, म्हणून लिहिणाऱ्याला खासगीत कारण कळवा. ‘गोळ्या बंद कर, मला काही फरक पडला नाही’ हा सल्लाही तसाच पुसायचा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या एकदम सोडल्या तर त्रास वाढतो.

स्क्रीनशॉट बाहेर नेणाऱ्याला मात्र दुसरी संधी देऊ नका. गावात नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो.

आणि अशा रात्रीनंतर पाळीवाल्याची पुढची पाळी दुसऱ्याने घ्यावी. १४४१६ त्याच्यासाठीही आहे.