स्प्रिंट कारमध्ये साधा शेवी क्रँक बसवताना

आधी क्रँक (इंजिनातला पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) कुठल्या सालचा ते पाहा. स्मॉल-ब्लॉक शेवी ३५० चा (शेव्हरलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाचा) १९८५ पर्यंतचा, दोन तुकड्यांच्या मागच्या सीलचा (तेल अडवणाऱ्या कड्याचा) क्रँक आतूनच बॅलन्स केलेला असतो. १९८६ पासूनच्या एकसंध सीलवाल्याचं बॅलन्सचं थोडं वजन फ्लायव्हीलवर असतं, आणि स्प्रिंट कारला (छोट्या गोल ट्रॅकवरच्या रेस कारला) फ्लायव्हीलच नाही! तो तसाच बसवलात तर थरथर मागच्या मेन बेअरिंगला (क्रँक ज्यात फिरतो त्या आधाराला) खाते. ४०० चा क्रँक तर दोन्ही टोकांना बाहेरून बॅलन्स केलेला. काउंटरवेटमध्ये (क्रँकवरच्या तोल साधणाऱ्या वजनात) जड टंगस्टन बसवून हे सुधारता येतं, पण तो खर्च बघता जुना ३५० शोधलेला बरा, तोही फोर्ज्ड (ठोकून घडवलेला). साच्याची रेघ बारीक असेल तर कास्ट (ओतीव). रुंद, घासलेला पट्टा असेल तर फोर्ज्ड.

मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधायची चाचणी) करून घ्याच. तडे बहुधा जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागाच्या) कडेच्या गोलाईत सापडतात. ग्राइंडिंगवाल्याला ती गोलाई घासून काढू नको म्हणून बजावा. मेन बेअरिंगला अडीच ते तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फट ठेवा.

थ्रस्ट बेअरिंग (क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणारं) मागच्या, पाचव्या मेनवर असतं. कॅपचे (बेअरिंगवरच्या झाकणाचे) बोल्ट हाताने लावा, क्रँक पुढे-मागे ढकला, मगच ७० फूट-पाउंडला आवळा (चार बोल्टवाल्या कॅपचे बाहेरचे ६५). डायल गेजवर मागेपुढे ४ ते ८ थाऊ खेळ हवा. ड्राइव्हलाइन (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा भाग) जोडल्यावर तो परत मोजा. हे बरेच जण विसरतात. खेळ गायब झाला असेल तर कपलर (ड्राइव्हलाइन क्रँकला जोडणारा तुकडा) क्रँकला पुढे रेटतोय, आणि थ्रस्ट बेअरिंग जळायला ट्रॅकच्या फार फेऱ्या लागत नाहीत.