रूट कॅनल करताना दातावर रबराचा पडदा लावतात तो खरंच लागतो काय?
होय, लावूनच घ्या, दवाखाना बेळगावातला असू दे नाहीतर खानापूरचा, आधी विचारायचं. मी इथं दाताच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, रोज बघते की, ६ इंची पातळ रबर, त्याला बारीक भोक पाडून तेवढा एकच दात वर काढतात नि क्लॅम्पनं धरतात, मग थुंकीतले जंतू दातात जात नाहीत, आतनं धुवायला हायपोक्लोराइट वापरतात (ब्लीचच ते!) ते घशात उतरत नाही आणि दात आतनं घासायची सुईसारखी फाइल निसटली तरी रबरावरच पडते. हे काय नवीन फॅड नव्हे, १८६४ पासनं आहे. फक्त लॅटेक्सची (म्हणजे नैसर्गिक रबराची) अॅलर्जी असेल, फुगा फुगवताना ओठ खाजत असतील, तर खुर्चीत बसायच्या आधीच सांगा, बिनलॅटेक्सचा पण मिळतो.