आयर्विन पूल, खालून

प्रश्न : मी सांगलीत राहते. मोबाइलवर आयर्विन पुलाचे पुष्कळ फोटो काढले, पण सगळे कॅलेंडरवरच्या चित्रासारखे येतात. मोबाइल तिरका धरून पाहिला, तरी मजा नाही. वेगळा कोन कसा शोधायचा? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी मोबाइल सरळ करा बघू. तिरका घेतलेला पूल वेगळा दिसत नाही, कलंडलेला दिसतो. लग्नाच्या अल्बमांत मी एकेकाळी कितीतरी जोडपी अशी कलंडवली आहेत, त्यामुळे हे अधिकाराने सांगतोय.

तुमचे फोटो काठावर उभं राहून, डोळ्याच्या उंचीवरून काढलेले असणार. पूल सगळेच तिथून बघतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घाटाच्या पायऱ्यांवरून पार खाली जा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली येते, आणि पाण्यापासून वीतभर अंतरावर आणा. भिंग पाण्याच्या जितकं जवळ, तितकं प्रतिबिंब ठळक. वरची दगडी कमान आणि पाण्यातली कमान एकमेकींना भिडतात. हे पहाटेच जमतं, वारा सुटला की कमानीचे तुकडे होतात. पोलरायझर फिल्टर असेल तर घरी ठेवा, तो नेमकं प्रतिबिंबच पुसून टाकतो.

वाकण्याआधी मात्र नावाड्याला विचारा. कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीकराला मी काय सांगणार! मला मगर नाही भेटली, गाळ भेटला. रोलच्या जमान्यात याच घाटावर गुडघ्यापर्यंत रुतलो. मी निघालो, पण कॅमेऱ्यात पाणी गेलं आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो गेले.

दुसरा कोन कमानीच्या पोटाखालचा. तिथून वर बघताना कॅमेरा अर्धवट उचलू नका, खांब मागे झुकल्यासारखे दिसतात. एक तर समोर सरळ धरा, नाहीतर थेट आकाशाकडे, म्हणजे दगडांच्या रांगा डोक्यावरून जाताना दिसतील. मोबाइलची वाइड लेन्स कडेच्या वस्तू ताणते, म्हणून माणूस चौकटीच्या मधोमध उभा करा. माणूस हवाच. त्याच्याशिवाय खांबाची उंची कळत नाही.

आणि ती उंचीच तर तुमच्या पुलाची खरी गोष्ट आहे. हा पूल १९२९ चा, व्हाइसरॉय आयर्विन यांच्या नावाचा. पण पावसाळ्यात सांगलीत त्याचं नाव निघतं ते "आयर्विनला किती फूट झालं?" असं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता मे महिन्यात जा. पाणीपातळीचे आकडे रंगवलेले आहेत तिथे एखाद्या ओळखीच्या माणसाला उभं करा, आकडे त्याच्या डोक्यावर कुठवर जातात ते चौकटीत येऊ द्या आणि खालून, जवळजवळ बसून फोटो घ्या. ज्यानं तो पूर पाहिलाय, त्याला त्या फोटोखाली ओळ लिहावी लागणार नाही.

पुराच्या दिवसांत मात्र घाटावर उतरायचं नाही. तेव्हा माझ्यासारखं गच्चीवरून काढा, साधाच.

मे मधला फोटो जमला तर इकडे पाठवा. कितव्या पायरीवर बसून काढलात तेही लिहा, मला माझी रुतलेली पायरी ताडून बघायची आहे.