शून्य तिकिटाची आज्जी आणि खिशातले हात

पत्र, थोडं काटछाट करून:

‘सर, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज बसनं बेळगावला येतो. पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे, सायन्स. सातवीपासून कॉमिक्स काढतो. गेल्या वर्षभरात मी पुढे सरकलोय की तिथंच आहे, मला काहीच कळत नाही. अकरा गोष्टी सुरू केल्या, एकही संपली नाही. जुनी वही उघडली की लाज वाटते, नवी उघडली की भीती वाटते. हात काढायला जमत नाहीत, मागचं दृश्य जमत नाही. इन्स्टाग्रामवर माझ्याच वयाची मुलं काय काय काढतात ते बघून दोन-दोन दिवस पेन्सिल धरत नाही. मराठीत काढावं, कन्नडमध्ये काढावं की इंग्लिशमध्ये, तेही ठरत नाही. घरात कुणाला दाखवलेलं नाही. बाबा उद्यमबागला फाउंड्रीत आहेत. ते एकच विचारतील, यानं पोट भरणार काय? सहा पानांचे फोटो पाठवतोय. खरं काय ते सांगा. नाव छापू नका.’

बाळा,

नाव छापत नाही. पण तुझ्या पानावरच्या आज्जीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही, तेवढी मुभा घेतो.

फोटो बघितले. वही चादरीवर ठेवून ट्यूबलाइटखाली काढलेत, दोन फोटोंत तुझ्याच डोक्याची सावली पडली आहे. (पुढच्या वेळी दिवसा, खिडकीजवळ, मोबाइल सरळ वरून धरून काढ.) तिसऱ्या पानावर मी मोठ्यानं हसलो. घरात एकटाच होतो, म्हणजे ते हसू काही तुझं मन राखायला नव्हतं. खानापूर स्टँड, लाल बस, म्हातारी, मांडीवर पाटी, पाटीत कोंबडी. जून २०२३ पासून शक्ती योजनेत आपल्याकडं कर्नाटकात बायकांचा बसप्रवास फुकट झाला आणि हातात शून्य रुपयाचं तिकीट पडायला लागलं. तुझ्या आज्जीला कन्नड वाचता येत नाही, पण कन्नडमधलं शून्यही गोलच. ती तिकिटाकडं बघते आणि म्हणते, ‘शून्य? म्हंजे मी गाडीत न्हाई व्हय?’

हे वाक्य तुला कुणी शिकवलेलं नाही आणि शिकवताही येत नाही. मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्या अनुभवावरून सांगतो. हात शिकवता येतात.

आता त्या पानावरची खोट. तिकीट हवेत तरंगतंय. कंडक्टरचे दोन्ही हात खिशात, आज्जीचे दोन्ही हात पाटीखाली आणि मधोमध तिकीट पतंगासारखं! सगळी सहा पानं मी परत याच नजरेनं बघितली. पोरगा पाठीमागं हात बांधून उभा. मास्तरांचे हात टेबलाखाली. चहावाल्याच्या हातांवर नेमका वाक्याचा फुगा आलाय. आणि मागचं दृश्य काढायचं टाळायला सहापैकी चार पानांवर धुकं. खानापुरात पाऊस-धुकं भरपूर, मान्य, पण उन्हाळ्यातल्या जत्रेतही धुकं?

तुझी भीती कुठं बसली आहे ते त्या पानांवर असं उघड दिसतंय. ती नुसती मनात राहिली असती तर मी म्हटलं असतं, असू दे, सगळ्यांनाच असते. पण ती गोष्टीत घुसली आहे. या विनोदाचा सगळा भार तिकिटावर आहे. सुरकुतलेला हात, चिमटीत कागद, कागदावर शून्य, एवढंच एका चौकटीत मोठं यायला हवं. तीच चौकट तू काढलेली नाहीस, कारण तिथं हात काढावा लागला असता. म्हणून हाताचा सराव कर, पण ‘हात’ असा मोघम सराव नको. जुनं तिकीट स्वतःच्या डाव्या हातात धर आणि तीस वेळा काढ. तळहाताच्या बुंध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत भरते, तेवढं एक माप लक्षात ठेव. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, हलत्या बसमध्ये काढता येणार नाही, पण बघता येईल. दांडी धरलेले हात, डबा धरलेले हात, झोपेत सैल पडलेले हात. घरी पोचल्यावर आठवून काढ. मागच्या दृश्याला याहून कमी कष्ट लागतात. पानाच्या पहिल्या चौकटीत स्टँड नीट दाखवलास की वाचणाऱ्याच्या डोक्यात तो बसतो, पुढच्या चौकटीत खिडकीची एक चौकट किंवा सीटची पाठ पुरते.

तू विचारलंयस की पुढं सरकलोय हे ओळखायचं कसं. चित्रकार रवी परांजपे बेळगावात जन्मले आणि के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली चित्रकला शिकले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘ब्रश मायलेज’. गाडी किती पळाली ते मीटरवर दिसतं, तसा ब्रश किती चालला. तू काढतोस, तुझं मीटर पडतंय. पण चन्नम्मा सर्कलला गोल गोल फेऱ्या मारल्या तरी मीटर पडतंच की. तू चार वर्षं तीन-चतुर्थांश (किंचित वळलेला) चेहरा, डावीकडं बघणारा, मोठे डोळे, हेच घोटतोयस. ते तुला छान येतं. (डोळे जपानी कॉमिक्समधले आहेत हे मला दिसलं. असू देत, वर्षभरात तुझा कंडक्टर आपोआप खानापूरकडचा दिसायला लागेल. त्यावर वेळ घालवू नकोस.)

कॉमिक्समध्ये सुट्या चित्रावरून प्रगती कळत नाही, कारण सुटं चित्र हा त्यातला मालच नव्हे. माल म्हणजे एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाणारी नजर. ती मोजायची तर वाचणारा माणूस समोर बसवावा लागतो.

त्याचं एक उदाहरण माझ्याच घरातलं. बाविसाव्या वर्षी मी एका दिवाळी अंकाला पाच व्यंगचित्रं पाठवली. महिन्याभरानं पाकीट परत आलं, आत चिठ्ठीही नाही. मी ती चित्रं माळ्यावर टाकली आणि तीन वर्षं व्यंगचित्राच्या वाटेला गेलो नाही. संपादकांना शिव्या दिल्या, तेवढाच व्यायाम. पुढं चुना लावायच्या वेळी पाकीट सापडलं. उघडून बघतो तर पाचातल्या दोन चित्रांतला विनोद मलाच कळेना! काढताना माझ्या डोक्यात काय होतं ते आठवलं तेव्हा कळला. मग त्या बिचाऱ्या संपादकाला कुठून कळणार? पाठवण्याआधी गल्लीतल्या एका पोराला दाखवली असती तर तीन वर्षं वाचली असती.

तेव्हा हे कर. तिसरं पान आज कुणालातरी दे. आईला दे, बहीण असेल तर तिला दे, बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मित्राला दे. देताना काही सांगायचं नाही. ‘अजून अपुरं आहे’, ‘हात नीट आले नाहीत’ हे तर अजिबात नाही, ती तुझी नेहमीची सवय असणार. त्यांनी वाचताना चित्राकडं न बघता त्यांच्या डोळ्यांकडं बघ. कुठं थांबले, कुठं मागं आले, कुठं नुसते घसरले. वाचून झाल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नकोस, त्याला ‘छान’ यापलीकडं उत्तर नसतं. ‘काय झालं यात?’ असं विचार. त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि तुझ्या डोक्यातली गोष्ट यात जेवढं अंतर, तेवढं काम शिल्लक. सहा महिन्यांनी हेच पान परत काढ, परत कुणाला तरी दे. ते अंतर कमी झालं असेल तर तू पुढं गेलास. मग रेषा वाकडी असो की सरळ.

एका ठिकाणी काय होणार ते मी आत्ताच सांगतो. दुसऱ्या चौकटीत कंडक्टर उजवीकडं उभा आहे आणि विचारतो, ‘अज्जी, आधार तोरसरी’ (आधार दाखवा). आज्जी डावीकडं आणि म्हणते, ‘हाय की.’ आपण डावीकडून वाचतो, म्हणून उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून. जो आधी बोलतो त्याला डावीकडं घे, नाहीतर त्याचा फुगा वर चढव. आणि अक्षरं आधी लिही, चित्र नंतर. तू चित्र काढून उरलेल्या सांदीत अक्षरं कोंबतोस. इंग्लिशमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं एका उंचीची, त्यांचं कसंबसं भागतं. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षरात तर दुमजली घर. दोन ओळींत जागा सोडली नाहीस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. ‘न्हाई व्हय’ हे नेमकं असंच अडकलंय, आणि तोच तर तुझा शेवटचा घाव.

भाषेचा प्रश्न तू सोडवलेला आहेस, तुला माहीत नाही इतकंच. कंडक्टर कन्नड बोलतो, आज्जी मराठी. बसमध्ये असंच असतं, पानावरही असंच ठेव. कंडक्टरचं वाक्य कन्नड लिपीत लिहिलंस तरी बेळगावात अडत नाही. ज्याला वाचता येणार नाही त्याला चित्रावरून कळू दे, म्हणजे पुन्हा हातांवरच आलो. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं भोज हे गाव तुला निपाणीकडं सापडेल. १९२५ साली ते तिथं जन्मले, पुढं मुंबईला जे. जे.मध्ये शिकले आणि बिनशब्दांची चित्रं काढून भाषेचा प्रश्नच त्यांनी मोडीत काढला. त्यांचं एक चित्र घे आणि माणसं हातांनी काय काय सांगतात एवढंच बघ.

इन्स्टाग्रामबद्दल फार लिहीत नाही. तिथं तुला लोकांचं पंधरा सेकंदांचं शेवटचं चित्र दिसतं, अकरा अर्धवट गोष्टी त्यांच्याही ट्रंकेत असतील. बघणं बंद होत नसेल तर रात्री बघ, काढून झाल्यावर.

त्या अकरा गोष्टींचं मात्र गंभीर आहे. तुझी सगळ्यात मोठी भीती हाताची नाही, संपवायची आहे. अर्धवट गोष्टीला कुणी वाईट म्हणू शकत नाही, हा तिचा फायदा. म्हणून बारावी गोष्ट सुरू करू नकोस. एक ए-फोर कागद घे, तीनदा दुमडून आठ खण पाड, मध्ये एक काप दे, आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. एक पान मुखपृष्ठाला, सात गोष्टीला. आज्जीची गोष्ट त्यात बसव. पंधरा दिवस, रोज अर्धा तास. पंधराव्या दिवशी जशी असेल तशी झेरॉक्सच्या दुकानात जा आणि वीस प्रती काढ. वाईट झाली तरी काढ. मागं तारीख घाल. एकोणीस वाटायच्या, घरी एकच ठेवायची.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्याला उद्धट उत्तर देऊ नकोस. आपल्या देशात फक्त कॉमिक्सवर घर चालवणारे फार थोडे. पण तोच हात पाठ्यपुस्तकांची चित्रं, जाहिरात, ॲनिमेशनचे स्टोरीबोर्ड, मुलांची मासिकं असा चार ठिकाणी चालतो. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली आहेत. बाबांना हे सांगायला हरकत नाही, गणित म्हटल्यावर ते ऐकतील. पीयूसी सोडायचा विचार पत्रात कुठं नाही, तो आणूही नकोस. त्यानंतर कला शिकायला बेंगळुरूची चित्रकला परिषद आहे, म्हैसूरचं चामराजेंद्र आहे, जवळ कोल्हापूरचं कलानिकेतन आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीला यूसीड ही परीक्षा लागते, सायन्सवाल्यालाही देता येते, आणि तिच्यात हातानं चित्रही काढावं लागतं. महाराष्ट्रातल्या प्रवेशांचं बघताना सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुझं गाव आहे का ते तपास, काही अभ्यासक्रमांत त्यांच्यासाठी वेगळी तरतूद असते. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. माझ्याही.

बाबांना वही दाखवायची तेव्हा अकरा अर्धवट गोष्टींची दाखवू नकोस, ती पुस्तिका दे. फाउंड्रीतला माणूस आहे, साच्यातून पूर्ण निघालेला नग कसा हातात घेऊन बघायचा ते त्यांना कळतं.

त्या विसांतली एक प्रत मला पाठव. आणि एक राहिलंच. आपल्या बसमध्ये कोंबडीलाही तिकीट पडतं. आज्जी शून्यात, मग पाटीतल्या कोंबडीचं काय केलं कंडक्टरनं? चौथ्या पानावर कळेल म्हणून मी पान उलटलं, तर तिथं तू दुसरीच गोष्ट सुरू केली आहेस.

तुझा,
मास्तर
शहापूर, बेळगाव