चवथीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी शरीरात नेमकं काय करते?

माझ्या मते पाळीत माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची सजावट) बांधायला काहीच हरकत नसावी. पण गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की बायका ही गोळी मागतात, म्हणून सांगते.

स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात उरलेली पिशवी, म्हणजे पीतपिंड, साधारण 14 दिवस प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हॉर्मोन) बनवतो. गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच आधारावर टिकतं. गर्भ राहिला नाही की पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर सुटतं. पाळी पुढे ढकलायची गोळी, म्हणजे नोरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम संप्रेरक, तो आधार बाहेरून चालू ठेवते, म्हणून ती अपेक्षित तारखेच्या सुमारे 3 दिवस आधीच सुरू करावी लागते. थांबवल्यावर बहुतेकींना 2-3 दिवसांत पाळी येते. ती गर्भनिरोधक मात्र नव्हे.

पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर फार्मसीतून परस्पर अजिबात घेऊ नका; आधी डॉक्टरांना दाखवा.