जपानमधल्या एखाद्या प्रादेशिक टीव्ही वाहिनीचा इतिहास सांगाल का?

एकच निवडायची तर मी साप्पोरोची एचटीबी निवडेन, म्हणजे होक्काइदो टेलिव्हिजन. (होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट, साप्पोरो तिथलं मुख्य शहर.) तिकडे खासगी टीव्हीचे परवाने प्रांतवार मिळतात. स्थानिक वाहिनी टोकियोतल्या एखाद्या बड्या वाहिनीशी सोयरीक जुळवते (एचटीबीची टीव्ही आसाहीशी), बरेचसे कार्यक्रम तिचेच दाखवते आणि उरलेल्या वेळात आपलं काहीबाही करते.

एचटीबी सुरू झाली ३ नोव्हेंबर १९६८ ला. तोवर होक्काइदोत एनएचके ही सार्वजनिक वाहिनी सोडून दोन खासगी वाहिन्या आधीच होत्या. त्यात ही यूएचएफ या वेगळ्या लहरींवर, म्हणजे जुन्या टीव्हीला वेगळा कन्व्हर्टर लावल्याशिवाय दिसायची नाही!

पुढची बरीच वर्षं मी गाळतो, कारण खरी मजा १९९६ च्या ऑक्टोबरात आहे. रात्री उशिराच्या वेळेसाठी 'सुइयो दो देशो' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सुइयो म्हणजे बुधवार. माणसं चार: दोन कलाकार, दोन दिग्दर्शक. वेगळा कॅमेरामनसुद्धा नाही, एक दिग्दर्शकच छोटा व्हिडिओ कॅमेरा धरायचा. एका पाटीवर सहा ठिकाणं लिहायची, फासा टाकायचा आणि पडेल तिकडे निघायचं. फासा रुसला की नशिबी रात्रभराची बस. कित्येकदा पडद्यावर गाडीच्या काचेतून नुसता रस्ता दिसतो आणि मागे चौघांचं भांडण ऐकू येतं. मला विचाराल तर त्या भांडणातच सगळी गंमत आहे.

त्यातला ओइझुमी यो तेव्हा कॉलेजात शिकत होता. आज तो देशभर गाजलेला नट आहे. एचटीबीचा पिवळा, गोल 'ओन-चान' बाहुला आहे ना, त्याच्या पोशाखात घामाघूम होणारा यासुदा केनही पुढे नावारूपाला आला. कार्यक्रम इतर प्रांतांतल्या वाहिन्यांनी विकत घेतला, डीव्हीडी खपल्या. दर आठवड्याचं प्रसारण २००२ मध्ये थांबलं, पण अधूनमधून नवे भाग येतच राहिले.

२०१८ च्या सप्टेंबरात साप्पोरोतल्याच हिरागिशी भागातल्या टेकाडावरचं जुनं ऑफिस सोडून वाहिनी शहराच्या मध्यात गेली. त्याच महिन्यात, ६ तारखेच्या पहाटे, भूकंपाने जवळपास अख्ख्या होक्काइदोची वीज घालवली होती. ऐन बांधाबांधीत हे संकट!

जुन्या ऑफिसशेजारच्या बागेत त्या कार्यक्रमाची सुरुवातीची आणि शेवटची दृश्यं चित्रित व्हायची. वाहिनी गेली तरी चाहते अजून तिथे जाऊन फोटो काढतात.