कॅनडात कनोलाच्या कापणीला कॉम्बाइन चालवायचं काम मिळतंय. जीपीएसवर मशीन आपोआप चालतं म्हणतात, मग शिकायला किती दिवस लागतात?

स्टेअरिंग म्हणाल तर दोन दिवस. पण ते "आपोआप चालतं" वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझ्या जोडीच्या ड्रायव्हरचं हेच पालुपद होतं.

मी लातूरकडचा, सोयाबीन नि हडंब्याच्या धुरळ्यात वाढलेला. सास्कॅचवानमध्ये हम्बोल्टच्या उत्तरेला एका फार्मवर दोन सीझन कॉम्बाइन चालवलं. तिकडं रान क्वार्टरमध्ये मोजतात, एक क्वार्टर १६० एकरांचा, आमच्या सगळ्या भावकीची मिळून एवढी निघत नाही. कनोला म्हणजे आपल्या मोहरीच्याच घराण्यातला, दाणा इतका गुळगुळीत की ट्रकच्या फटीतून पाण्यासारखा गळतो, सीझनच्या आधी दोन दिवस आम्ही नुसत्या फटींना टेप मारत बसायचो.

आमच्याकडं आधी स्वाथर फिरायचा. मधल्या दांड्यावरचे ६० टक्के दाणे रंग बदलायला लागले की पीक कापून ओळीने पाडायचं, वाळलं की कॉम्बाइनने उचलायचं. पहिल्या वर्षी मालक रोज संध्याकाळी रेडिओवर एकर विचारायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. माझे कायम कमी. मी ताशी साडेतीन मैलाने, जोडीदार पाचने, वर मला आजोबा म्हणायचा. कॅबमधला लॉस मॉनिटर, म्हणजे मागून किती दाणा वाया जातो ते दाखवणारा, त्याचाही हिरवा नि माझाही हिरवा, पण तो मॉनिटर आपण जसा सेट करू तसं बोलतो, त्याच्यावर काय विसंबायचं?

शेवटी एक दिवस शेडमधला केकचा जुना पत्र्याचा ट्रे घेतला, साधारण एक चौरस फुटाचा, आणि मागचा काडी बारीक करणारा चॉपर बंद करायला लावून दोन्ही मशीनच्या मागे टाकून बघितला. भुसा फुंकला, उरलेले दाणे चहाच्या चमच्याने मोजले. माझ्या मागे पाव चमचा. त्याच्या मागे शिगोशीग दोन चमचे! ३० फुटांचं पीक मागे पाच फुटांच्या पट्ट्यात पडतं, त्या हिशोबाने एक चमचा म्हणजे एकरी जवळपास एक बुशेल, नि कनोलाचं बुशेल २२.७ किलोचं. करा गुणाकार, त्याच्या दोन चमच्यांनी एका क्वार्टरला सात टन मातीत. मालकाने चमच्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, चला कामाला लागा.

पुढं पाऊस झाला आणि दहा-बारा दिवसांत जोडीदाराने कापलेल्या रानात हिरवेगार पट्टे उगवून आले, रस्त्यावरून दिसायचे. माझ्याकडं विरळ पोपटी. तो अजून फोनवर म्हणतो की शेंगा वाऱ्याने फुटल्या होत्या. वारा काय बरोबर कॉम्बाइनच्या मागे मागे फिरतो का?

तर शिकायचं ते हे. रोटर, म्हणजे मळणीचा फिरता ढोल, हळू, त्याखालची जाळी म्हणजे कॉन्केव्ह जरा उघडा, फॅन कमी. जास्त झोडपलं की काडीचा चुरा होतो, चाळण्या भरतात नि दाणा वरच्यावर मागे जातो. दुपारच्या उन्हातली सेटिंग रात्री दव पडल्यावर चालत नाही, परत खाली उतरून बघावं लागतं, आणि एसीतून उतरायचा कंटाळा आला की एकर वाढतात. ज्याला सोयाबीनच्या रानात खाली पडलेले दाणे वेचायला आईने बसवलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

मालकाचं अगदीच चूक होतं असं नाही म्हणा. बर्फ तोंडावर आला असेल तर दोन चमचे सोडून पळावंच लागतं, नाहीतर सगळंच रानात राहतं. आणि आता शेंगा सहज न फुटणाऱ्या जाती आल्यात, बरेच जण स्वाथ न करता उभं पीक थेट कापतात, त्याचा मला अनुभव नाही. दहा टक्क्यांपर्यंत ओल असली तरी माल कोरडा म्हणून विकला जातो, पण बिनमध्ये, म्हणजे धान्याच्या कोठीत, ठेवायचा तर आठच्या आसपास आणा, नाहीतर आतून तापतो.

व्हिसाचं मला विचारू नका, माझं एजंटने केलं होतं. ट्रे मात्र पत्र्याचाच घ्या, प्लॅस्टिकचा वाऱ्याने उडतो.